सातव्या बाकाची वही

आमच्या दहावीच्या वर्गात अकरा बाक आहेत आणि त्यांचे नंबर 2 पासून सुरू होतात. बाहेरचं कोणी आलं की हमखास विचारतं, 1 नंबर कुठे गेला? तो मीच ठेवला नाही. दोन फाशांची बेरीज 1 येत नाही ना, म्हणून.

चाळीसगाव तालुक्यातल्या खेड्यातली शाळा. वर्ग झाडायची पाळी कोणाची, यावरून सकाळी सकाळी जुंपायची. मागच्या वर्षी सहाच बाक होते, तेव्हा सापशिडीच्या डब्यातला एक फासा टाकायचो आणि विषय संपायचा. यंदा बाक झाले अकरा. मग मी दुसरा फासा आणला. बेरीज 2 ते 12, नेमके अकरा आकडे, अकरा बाक! खोटं कशाला बोलू, माझं मलाच कौतुक वाटलं होतं. एकोणीस वर्षं झाली गणित शिकवतोय. संभाव्यतेच्या धड्यात दरवर्षी याच दोन फाशांचा 36 घरांचा तक्ता फळ्यावर काढतो. पण फळ्यावरचा फासा वेगळा आणि टेबलावरचा वेगळा, असंच जणू माझ्या डोक्यात बसलं होतं.

यंदा तो तक्ता काढला ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी. बुधवारी प्रार्थना झाली, मी फासे हातात घेतले, तेवढ्यात सातव्या बाकावरची मुलगी उठली. वर्गात ही मुलं पुस्तकी मराठी बोलतात. राग आला की अहिराणी बाहेर पडते.

"सर, हाई देखा," म्हणत तिनं वही टेबलावर ठेवली.

मागच्या पानावर जुलैपासूनच्या 72 दिवसांची नोंद होती. बाकाचा नंबर आणि पुढे उभ्या रेघा, पाचवी आडवी. मध्ये ती निंदणीला गेली होती, त्या दिवसांच्या रेघा मैत्रिणीला विचारून पेन्सिलनं मारलेल्या. दुसरा बाक 1 वेळा, तिसरा 3, चौथा 7, पाचवा 9, सहावा 11, सातवा 14, आठवा 9, नववा 7, दहावा 6, अकरावा 4, बारावा 1.

"बाराव्या बाकाला तुम्ही सोडता," ती म्हणाली. वर्ग चिडीचूप. बाराव्या बाकावर सरपंचांचा पुतण्या बसतो. तिच्या शेजारणीनं पुढचंही बोलून टाकलं, मी म्हणे फासे मुठीत दाबून टाकतो.

आधी मला रागच आला. मग मी तो आकड्यांचा डोंगर पाहिला, मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरता, आणि कानशिलं तापली. कालचा तक्ता फळ्यावर तसाच होता, माझ्याच अक्षरात. बेरीज 7 ची घरं सहा, 6 आणि 8 ची पाच-पाच, 2 चं एक, 12 चं एक. 72 दिवसांत सातव्या बाकाच्या वाट्याला 12 पाळ्या यायला हव्यात, बाराव्याच्या वाट्याला 2. तिची वही याच्या इतकी जवळ होती की माझ्या मुठीवरचा आरोप तिथेच निकालात निघाला. पण मी सुटलो नाही. फासे चोख होते, वाटणीच मुळात वाकडी होती आणि ती मी केली होती.

"चूक माझी आहे," असं वर्गासमोर म्हणालो. म्हणायला किती वेळ लागला ते सांगत नाही.

खरी मजा पुढे. नवव्या बाकावरचा एक मुलगा, गणितात बेताचा पण वाद घालण्यात पक्का, म्हणाला, "सर, तुमचा तक्ताच चुकीचा. 3 आणि 4 काय, 4 आणि 3 काय, एकच. दोनदा का मोजता?" त्याच्या हिशोबानं 36 नव्हे, 21 निष्पत्ती. त्यात 6, 7, 8 या बेरजांना तीन-तीन वाटे, म्हणजे तिन्ही बाक सारखे.

मी नेहमीचं उत्तर दिलं. एका मुलीच्या दप्तरात नेलपॉलिश निघालं (शाळेत आणायला बंदी आहे, त्या दिवशी मी पाहिलं नाही), एक फासा लाल केला. आता लाल 3 पांढरा 4 वेगळं, लाल 4 पांढरा 3 वेगळं. वर्गाला पटलं, त्याला नाही.

"रंग लावला म्हणून फासा निराळा पडतो का, सर?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर त्याच्याच वाक्यात होतं. रंगाचं फाशाला काही कळत नाही, म्हणून रंग नसतानाही ते दोन फासे दोनच असतात, प्रत्येक आपापला पडतो. पण हे मी बोललो नाही. म्हटलं, टाकूनच पाहू. तुझे 21 प्रकार समसंभाव्य असतील तर जोडपी, म्हणजे 1-1, 2-2 अशी, 21 पैकी 6 वेळा यायला हवीत. 180 वेळा टाकले तर साधारण 51. माझं खरं असेल तर 36 पैकी 6, म्हणजे 30.

खेळाचा तास त्यात गेला. फासा त्यानंच टाकायचा, मोजायचं सातव्या बाकानं. 180 फेकी झाल्या, जोडपी निघाली 33. पोरगं फाशांकडे बघत राहिलं आणि म्हणालं, "बरं."

त्याला बरं वाटावं म्हणून लाइब्निट्सची गोष्ट सांगितली. कलनशास्त्र रचणारा एवढा मोठा माणूस, पण दोन फाशांत 11 आणि 12 सारख्याच सहज येतात असं लिहून बसला. का, तर दोन्ही एकाच प्रकारे होतात. 5-6 आणि 6-5 वेगळे धरायचे त्याच्या ध्यानात आलं नाही. सातव्या बाकाला गॅलिलिओ दिला. तीन फाशांत 9 पेक्षा 10 जास्त वेळा येतात हे जुगाऱ्यांनी नुसतं खेळून हेरलं होतं, त्यानं मोजून कारण सांगितलं: 216 पैकी 25 आणि 27. एवढासा फरक! तिला तो जुगारी शब्द फारसा आवडला नाही.

मग नवी वाटणी. 36 घरं अकरा बाकांत सारखी बसत नाहीत. पाचव्या बाकानं तोड काढली: प्रत्येकाला तीन घरं, झाली 33, उरलेली तीन आली तर पुन्हा टाकायचे. उरलेली म्हणून 1-1, 6-6 आणि 3-3 ठरली. आता लाल फाशाची खरोखर गरज होती, कारण लाल 2 पांढरा 5 एका बाकाचं घर आणि लाल 5 पांढरा 2 दुसऱ्याचं.

आठव्या बाकाचं म्हणणं, फासे हवेतच कशाला, क्रमानं पाळी लावा. लावू, पण कोणता क्रम? यावरून पुन्हा गलका. मी विचारलं, अकरा बाकांचे क्रम होतात तरी किती? उत्तर पाटणादेवीपासून सुरू केलं. आमची सहल दरवर्षी तिकडेच जाते. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला. त्याचा शिलालेख तिथल्या देवळातला, 1207 सालचा. त्याच आजोबांच्या 'लीलावती'त अंकपाश म्हणून प्रकरण आहे आणि त्यात शंकराच्या दहा हातांतल्या दहा वस्तू अदलून बदलून किती मूर्ती होतील असं विचारलंय. उत्तर 36,28,800. आमचा बाक एक जास्त, म्हणून त्याला 11 नं गुणायचं: 3,99,16,800. रोज एक क्रम वापरला तरी लाखावर वर्षं पुरतील. "तोवर आम्ही पास होऊ," बारावा बाक म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी तोंड उघडलं होतं.

मतदान झालं. फासेच जिंकले. रांगेत वाट बघण्यात मजा नाही म्हणे.

नवा तक्ता भिंतीवर आहे. दुसरा आणि बारावा बाक आता खराटा ओळखतात. संक्रांतीनंतर मी सातव्या बाकाकडे वही मागितली, बघू म्हटलं कसं चाललंय. तिनं दिली नाही.

"66 दिवस होऊ द्या, सर. सहा-सहा यायला पाहिजेत. अजून 19 बाकी आहेत."

सातवा आत्ता कितीवर आहे, तेही सांगितलं नाही.