पुहोल्स सोडून गेला तेव्हा

आज २०११ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना पुन्हा पाहिला. सेंट लुईस कार्डिनल्सच्या अल्बर्ट पुहोल्सने त्या रात्री तीन होमरन मारले. दीड महिन्यात कार्डिनल्स सोडून अमेरिकन लीगमधल्या एंजल्सशी दहा वर्षांचा, सुमारे २४ कोटी डॉलर्सचा करार! तेव्हा तो ३१ वर्षांचा होता.

राग आजही येतो, पण त्याचा निर्णय पटतो. कार्डिनल्सच्या नॅशनल लीगमध्ये तेव्हा डेझिग्नेटेड हिटर (डीएच), म्हणजे फिल्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा खेळाडू, नव्हता; चाळिशीतही फर्स्ट बेसवर फिल्डिंगला उभं राहावं लागलं असतं. अमेरिकन लीगमध्ये नुसती बॅटिंग करता येत होती.

घात पायाने केला. उजव्या हाताचा बॅटर मागच्या पायावरचा भार पुढच्या डाव्या पायावर रोखतो, तेव्हा कंबर फिरते आणि बॅटला वेग मिळतो. २०१३ मध्ये दुखणं नेमकं डाव्या तळपायाला, प्लांटर फॅशियाला, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या जाड पट्ट्याला. पाय रोवता येईना, मग ताकद येणार कुठून? हंगाम जुलैतच संपला.

२०२२ मध्ये डीएच दोन्ही लीगमध्ये आला आणि तो सेंट लुईसला परतला. डावखुऱ्या पिचर्सना (चेंडू टाकणाऱ्यांना) तर त्याने झोडपून काढलं! त्या हंगामात २४ होमरन, कारकिर्दीत एकूण ७०३. त्यांतले २२२ एंजल्सचे. ते आपले म्हणायला मन अजून तयार होत नाही.