पिट्सबर्ग : हात शाबूत, नेम हरवलेला

सामन्याच्या दिवशी क्लेमेंते पुलावर गाड्या सोडत नाहीत, म्हणून अलेगेनी नदी आम्ही चालतच ओलांडली. पिवळाधमक पूल आणि पलीकडच्या काठावर पीएनसी पार्क, बेसबॉलचं मैदान. भाच्याने पायरेट्सची, म्हणजे पिट्सबर्गच्या संघाची, टोपी माझ्या डोक्यावर चढवली. "मामा, आज तू इथलाच!"

माझ्या मनात मात्र स्टीव्ह ब्लास होता, पायरेट्सचा एके काळचा पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा. 1971 च्या वर्ल्ड सिरीजमधला, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेतला, सातवा, निर्णायक सामना बाल्टिमोरला झाला. ब्लासने नऊच्या नऊ इनिंग एकट्याने पिचिंग केलं आणि पिट्सबर्गने 2-1 ने बाजी मारली. त्याच सामन्यात त्याचा संघसहकारी रोबेर्तो क्लेमेंते (पुलाला नाव याचंच) याने होम रन ठोकला. पुढच्या मोसमात ब्लासच्या नावावर 19 विजय होते. 1972 च्या 31 डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं क्लेमेंतेचं विमान समुद्रात कोसळलं.

आणि 1973 मध्ये ब्लासचा नेम गेला. खांदा ठीक, कोपर ठीक. सरावात चेंडू हवा तिथे पडायचा. सामन्यात बॅटर समोर आला की भरकटायचा. पिचरचे चार चेंडू बाहेर गेले की बॅटरला पहिला बेस आयता मिळतो, त्याला वॉक म्हणतात. ब्लासने त्या मोसमात 88 इनिंगमध्ये 84 वॉक दिले! लोकांनी क्लेमेंतेच्या मृत्यूशी संबंध जोडला. ब्लासने स्वतः ते कधी मानलं नाही. संमोहन झालं, आपल्याकडून तिकडे गेलेलं भावातीत ध्यानही करून झालं. 1974 मध्ये वरच्या लीगमध्ये जेमतेम एक सामना, मग खालची मायनर लीग. 1975 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला.

तेव्हापासून असा नेम हरवला की अमेरिकेत त्याला 'स्टीव्ह ब्लास डिसीज' म्हणतात. मला हे नाव अन्यायाचं वाटतं. कॉलेजात मी डावखुरी फिरकी टाकायचो. एका पावसाळ्यानंतर चेंडू बोटांतून सुटेचना. एक तर पायाशी आपटायचा, नाही तर थेट फुलटॉस. कुणी हसलं नाही, पण रात्री झोप लागायची नाही. तो हात आपलाच असतो आणि आपलं ऐकत नाही.

ब्लास मात्र पिट्सबर्ग सोडून गेला नाही. पुढे तीसहून अधिक वर्षं, 2019 पर्यंत, तो पायरेट्सच्या सामन्यांचं समालोचन करत होता. भाच्याला त्याचा आवाज पाठ आहे; तो पिचर होता हे त्याला फार उशिरा कळलं.

उजवीकडची भिंत 21 फूट उंच आहे, क्लेमेंतेच्या 21 नंबरच्या जर्सीच्या आठवणीत. तिच्याकडे बघत असतानाच सातव्या इनिंगला बुलपेनमध्ये, म्हणजे बदली पिचरांच्या सरावाच्या जागेत, एक कोवळा पिचर हात मोकळा करू लागला. समोर फक्त कॅचर, बॅटर नाही. आम्ही उठून कठड्यापाशी गेलो. धप्प, धप्प. एकही चेंडू कॅचरला हात लांबवून घ्यावा लागला नाही. मग बुलपेनमधला फोन वाजला, कुंपणाचं दार उघडलं आणि तो मैदानाकडे धावत निघाला.