पेठ, ब्राझील आणि निळी पेटी

कोल्हापुरात तुम्ही फुटबॉलच्या कुठल्या टीमचे हे तुम्ही नाही ठरवत, तुमचं घर कुठल्या गल्लीत आहे त्यावरून ते ठरलेलं असतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण... पोराला घरचा पत्ता पाठ व्हायच्या आधी तालमीचं नाव पाठ झालेलं असतं. आणि हीच माणसं, जी एरवी शाहू स्टेडियमवर एकमेकांच्या नावानं घसा फोडत असतात, ती वर्ल्ड कप आला की एका रात्रीत ब्राझील नाहीतर अर्जेंटिना होऊन जातात. गल्लीच्या तोंडाला मेस्सीचा कटआऊट, पलीकडच्या कोपऱ्यावर नेमार, आणि रोनाल्डोवाले आपले मोकळा खांब शोधत फिरतायत. ब्राझील नेमकं कुठल्या बाजूला आहे विचारलं तर निम्मी पोरं रंकाळ्याकडं हात करतील, पण त्यांचा लेफ्ट बॅक कोण हे झोपेतनं उठवून विचारा, नाव तयार.

त्यामुळं परदेशातल्या खेळाचं वेड असणं याला आमच्याकडं कुणी वेड म्हणतच नाही. मी बाई असून पहाटेपर्यंत फुटबॉल बघते याचं फार तर शेजारच्या काकूंना नवल, बाकी कुणाला नाही. माझी अडचण दुसरीच आहे. मला खेळाइतकंच सायन्स फिक्शन सिरियलींचं वेड आहे, म्हणजे स्पेसशिप, एलियन, टाइम ट्रॅव्हल असलं सगळं, आणि याला ना पेठ आहे ना तालीम. मिरजकर तिकटीला उभं राहून 'स्टार ट्रेक' म्हणा, लोक विचारतील नवीन गाडी आली का बाजारात, अॅव्हरेज किती देतीय.

बाहेरून बघणाऱ्याला ही दोन वेडं एकदम वेगळी वाटतात. एक मैदानावरचं, घामाचं, दुसरं जरा चष्मेवाल्या पोरांचं. मला काही तसं वाटत नाही. ज्याच्याशी आपला काडीचा संबंध नाही, ज्यातला एक माणूस आपल्याला ओळखत नाही, त्याच्यापायी रात्री दीडला जीव टांगणीला लावून बसायचं, हेच दोन्हीकडं. आणि वेळा तरी कसल्या एकेक! चॅम्पियन्स लीग म्हणजे रात्री साडेबारा नाहीतर दीड, अमेरिकन ओपनची रात्रीची मॅच आपल्याकडं पहाटे साडेचारला, ऑस्ट्रेलियन ओपन साडेपाचपासून. मध्ये दोन तास झोपून घ्यावं म्हटलं तर झोप लागत नाही, आणि लागली तर मग उठवणार कोण.

2014 ची ब्राझील-जर्मनी सेमीफायनल मी माहेरी बघितली होती. आमची गल्ली अख्खी पिवळी. रात्री दीडला मॅच सुरू, अकराव्या मिनिटाला पहिला गोल झाला तेव्हा पप्पा म्हणाले, "काय न्हाई, अजून लय वेळ हाय." मग ते चहा टाकायला आत गेले. तेविसाव्या मिनिटाला दुसरा, चोविसाव्याला तिसरा, सव्विसाव्याला चौथा, एकोणतिसाव्याला पाचवा. पप्पा कप घेऊन बाहेर आले आणि टीव्हीकडं बघून म्हणाले, "किती वेळा रिप्ले दाखवतायत रं हे." कुणी काही बोललंच नाही. त्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं, पाच-शून्य, कप खाली ठेवला, परत उचलला. सात-एकला मॅच संपली तेव्हा गल्लीत कुत्री भुंकत होती तेवढाच आवाज. आणि मी तुम्हाला सांगते, त्या सहा मिनिटांत मला जे वाटलं ते मला आधी फक्त सायन्स फिक्शन बघतानाच वाटायचं, की हे असं होऊ शकत नाही, नियमातच नाही बसत, कुणीतरी टाइमलाइनमध्ये घोळ घातलाय.

आता ज्यांना नोकरी आहे, घर आहे, त्यांना प्रत्येक मॅच लाइव्ह बघणं जमत नाही. मग सकाळी उठून रेकॉर्डिंग बघायचं, आणि तोवर निकाल कानावर पडू द्यायचा नाही. पेठेत राहून! दुधाला बाहेर पडलं की दूधवाला दोन बोटं वर करून दाखवणार, कशाची दोन, कुणी मारली, ते आपण डोकं धरून बसायचं. स्टँडवर रिक्षावाले मामा कालच्या पेनल्टीवरून रेफ्रीचा उद्धार करत असणार, म्हणजे पेनल्टी होती हे कळलं. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी रडणारा इमोजी टाकतो आणि मला माहीत असतं तो आर्सेनलचा आहे, झालं, संपलं. आणि अॅपवाले तर विचारूच नका, मॅच उघडायच्या आधी थंबनेललाच कप उचललेला फोटो. मी अंगठा फोनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर दाबून धरते आणि उरलेल्या बोटांनी सरकवत मॅच शोधते, ही माझी कमावलेली कला आहे. पण व्हिडिओची लांबी दिसतेच, आणि ती अडीच तासांच्या वर असली की कळतं एक्स्ट्रा टाइम झालाय. म्हणजे नव्वद मिनिटांत काही लागणार नाही हे माहीत असून नव्वद मिनिटं बघायची.

सायन्स फिक्शनचं मात्र याच्या बरोबर उलटं. तिथं मला कुणी काही सांगून मजा घालवूच शकत नाही, कारण कोल्हापुरात मी सोडून ते कुणी बघत असेल असं अजून तरी दिसलेलं नाही. सीझनचा शेवटचा एपिसोड बघून सकाळी फिरायला गेले तर रंकाळ्यावरचे सगळे चेहरे आपले नेहमीसारखे. काल रात्री अख्खा ग्रह गेला, आणि यांना पत्ताच नाही! खेळात गर्दीचा त्रास, इथं शुकशुकाटाचा. कुठला बरा ते अजून माझं ठरत नाही, पण आज विचाराल तर दूधवाल्याची दोन बोटं बरी.

तसे या सिरियलींचे फॅन जगात कमी नाहीत, आणि त्यांनी जे करून ठेवलंय ते ऐकून पेठेतली पोरंसुद्धा टोपी काढतील. मूळची 'स्टार ट्रेक' 1966 ला अमेरिकेत सुरू झाली, दोन सीझनमध्ये गुंडाळायच्या बेतात होती, तर लोकांनी पत्रांचा पाऊस पाडून 1968 ला तिसरा सीझन करायला लावला. एवढ्यावर थांबले नाहीत, पुढं 1976 मध्ये पहिल्या स्पेस शटलचं नाव 'कॉन्स्टिट्यूशन' ठेवायचं ठरत होतं ते पत्रं पाठवून पाठवून सिरियलीतल्या यानाचं, 'एंटरप्राइज', करून घेतलं. (त्या सिरियलीत माणसं किरणांतून खाली उतरतात ना, ते यान दर वेळी जमिनीवर उतरवून दाखवायचं बजेट नव्हतं म्हणून काढलेली शक्कल. आमच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही कारागिराला हे एका मिनिटात पटेल.) ब्रिटनची 'डॉक्टर हू', म्हणजे निळ्या पेटीसारख्या यानातनं काळात फिरणाऱ्या डॉक्टरची सिरियल, तर 1963 ची, आणि तिचे जुने कितीतरी एपिसोड बीबीसीनं टेपच पुसून टाकल्यामुळं गेले. पण आवाज राहिला. कारण त्या वेळी घरोघरची पोरं टीव्हीपुढं टेपरेकॉर्डर लावून बसायची. त्यांच्या घरात तेव्हा "आता कुणी बोलायचं नाही" म्हणून किती भांडणं झाली असतील, विचार करा. चित्र गेलेल्या सगळ्या एपिसोडांचा आवाज आज आहे तो या असल्या पोरांमुळं. 'द एक्स्पान्स' 2018 ला चॅनलनं तीन सीझननंतर बंद केली, तर फॅन लोकांनी पैसे गोळा करून अॅमेझॉनच्या ऑफिसवरून बॅनर लावलेलं विमान उडवलं, आणि सिरियल पुढं अॅमेझॉननं घेतली.

खेळातही होतं असं, नाही असं नाही. 2021 मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी आपापली वेगळी सुपर लीग काढली, तर इंग्लंडमधले लोक असे रस्त्यावर उतरले की दोन-तीन दिवसांत तिचा बोऱ्या वाजला. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठे फॅन आपल्याच गावात होऊन गेले. राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डीकर, ज्यांनी आपल्या विद्यार्थ्याला हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून राहतं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. तो विद्यार्थी म्हणजे खाशाबा जाधव, आणि 1952 चं ते ब्राँझ. मी सबस्क्रिप्शनचे पैसे वाढले म्हणून महिनाभर कुरकुर करते.

2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी गंमत झाली. स्वप्नील कुसाळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनच्या फायनलला. एक ऑगस्टची दुपार. हा खेळ आमच्या घरात कुणी कधी बघितलेला नव्हता. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या आमच्या नेमबाज पोरींची नावं सगळ्यांना तोंडपाठ, पण नेम कसा मोजतात ते कुणाला माहीत! आधी गुडघ्यावर, मग पालथं झोपून, मग उभं राहून, आणि एका गोळीला जास्तीत जास्त 10.9. उभ्यानं मारायची वेळ आली की एकेक जण बाहेर. टीव्हीवर बघितलं तर ते कडक जॅकेट, ती पँट, डोळ्याच्या बाजूला झापड, हलायचं नाही, बोलायचं नाही, पुढं स्क्रीनवर नुसते आकडे. सासूबाई दहा मिनिटांत तयार झाल्या. "दहाच्या खाली आलं की वाईट, व्हय की न्हाई?" म्हटलं हो. मग पुढचा अर्धा तास त्या प्रत्येक गोळीला पदर तोंडाशी धरून. 451.4 वर तिसरा आला, आणि त्या उठून देवापुढं साखर ठेवून आल्या. ती रेंज पॅरिसमध्ये नव्हतीच, पॅरिसपासून लांब शातोरू नावाच्या गावी होती, पण हे त्यांना सांगायला गेले तर म्हणाल्या, "असू दे की, आपल्याला कुठं जायाचंय."

मला तेव्हाच वाटलं, या बाईला एलियन दाखवायला हरकत नाही.

पण आधी नवऱ्याचं सांगते. नवरा सांगलीचा, क्रिकेट सोडून त्याला काही दिसत नाही, आणि स्पेसशिप दिसलं की तो फोन उघडतो. त्याला मी 'डॉक्टर हू'चा पाचवा डॉक्टर दाखवला, म्हणजे डॉक्टरचं काम करणारा पाचवा नट, पीटर डेव्हिसन, जो क्रिकेटच्या पांढऱ्या पोशाखातच फिरतो आणि 1982 च्या एका एपिसोडात अंतराळात लटकलेला असताना खिशातला क्रिकेटचा बॉल यानावर फेकतो, बॉल आपटून परत येतो, हा तो झेलतो आणि त्या धक्क्यानं आपल्या यानाकडं सरकतो. नवरा म्हणाला, "बॉल वळला नाही जरा पण." मी म्हटलं, हवाच नाही तर वळेल कसा. तो म्हणाला, "हां, मग बरोबर आहे." आमच्या संसारातला हा बराच मोठा टप्पा आहे.

मग 'डीप स्पेस नाईन' या 'स्टार ट्रेक'च्याच दुसऱ्या सिरियलीतली ती बेसबॉल मॅच, 1998 ची. अंतराळातल्या स्टेशनचा कॅप्टन सिस्को बेसबॉलचा वेडा, टेबलावर कायम एक बॉल. त्याचा जुना वैरी, व्हल्कन कॅप्टन, मॅचचं आव्हान देतो. व्हल्कन म्हणजे माणसाच्या तिप्पट ताकदीचे आणि चेहऱ्यावर माशी हलत नाही असले. सिस्कोच्या टीममध्ये बहुतेकांनी बॅट हातात धरलेली नाही. अंपायरशी हुज्जत घालून सिस्को स्वतःच बाहेर काढला जातो. रॉम नावाचा एक आहे, एकदम कच्चं लिंबू, ज्याला आधी टीममधनं काढलेलं असतं, त्याला शेवटी आत घेतात आणि त्याची बॅट चुकून बॉलला लागते. त्यात त्याचाच पोरगा पळत येऊन एक रन पुरी करतो. मॅच हरतात, दहा-एक. आणि नंतर असला दंगा करतात त्या एका रनचा, की जिंकलेला व्हल्कन बघतच राहतो, त्याला हे कुठल्या हिशोबात बसवायचं तेच कळत नाही. नवरा म्हणाला, "हरलेत ना? मग नाचतायत कशाला?" त्याला सांगून उपयोग नाही. सांगलीचा आहे.

सासूबाई मात्र पहिल्याच दिवशी आत शिरल्या. मी लावलं होतं नवीन 'डॉक्टर हू', त्या भाजी निवडत बसलेल्या. डॉक्टर मरायला टेकतो, अंगातनं उजेड निघतो आणि तिथं दुसराच नट उभा. हे 1966 पासून असंच चालतं, पहिल्या नटाची तब्येत साथ देईना म्हणून काढलेली युक्ती, आणि त्यावर सिरियल साठ वर्षं जगलीय. मला वाटलं आता समजवायला अर्धा तास जाणार. मी सुरुवात केली, "आई, तो मेलेला नाही, तोच आहे, फक्त चेहरा बदलला."

"अगं म्हंजे प्लास्टिक सर्जरी."

"तसंच धरा."

"आमच्या सिरियलीत दोनदा झालंय. बायकोनं वळखलं का त्याला?"

आता डॉक्टरच्या बायकोचं प्रकरण असं की दोघांची गाठ उलट्या क्रमानं पडत जाते, त्याची पहिली भेट ती तिची शेवटची. मी म्हटलं, ते जरा किचकट आहे आई. त्या पालेभाजीची काडी मोडत म्हणाल्या, "कुणाचं सरळ असतंय." आणि भाजी बाजूला ठेवून बसल्या.

हल्ली रात्री जेवणं झाली की त्याच आठवण करतात, "त्या निळ्या पेटीवाल्याचं लाव." फक्त एक अट आहे. त्यांना टेन्शन सोसत नाही, त्यामुळं कोण मरतंय, कोण वाचतंय, कोण परत येतंय, सगळं आधी सांगायचं, नाहीतर त्या बघणार नाहीत. आणि मी, जी सकाळी दूधवाल्यापुढं डोळे मिटून पातेलं धरते, ती रोज रात्री रिमोट हातात घेऊन त्यांना अख्ख्या एपिसोडचा शेवट आधी सांगते, मग त्या "हां, आता लाव" म्हणतात, आणि मध्येच नवरा आतनं ओरडतो की मला नका सांगू, मी उद्या बघणारेय.