तळापासून धबधब्यापर्यंत : शेवटच्या सहाशे मीटरची नोंद

मळलेली वाट नसलेल्या धबधब्यांपर्यंत तंबूच्या तळावरून चालत जाण्याचा माझा छंद आता अशा टप्प्यावर आला आहे की, धबधबा सापडेल की नाही यापेक्षा तिथवर जाऊन उजेडी परतायला किती वेळ लागेल, हा प्रश्न मोठा वाटू लागला आहे. या वेळचे एकेरी अंतर ३.४ किलोमीटर होते आणि चढ १८० मीटर. त्यातले पहिले २.८ किलोमीटर झाडीतल्या पायवाटेचे होते. त्याविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही. उरलेले ६०० मीटर ओढ्याच्या पात्रातून चढायचे होते आणि ही नोंद मुख्यतः त्यांचीच आहे.

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा अनेकांना ठाऊक असेल : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पायवाटेच्या भागाला त्यानुसार ४६ मिनिटे यायला हवी होती आणि प्रत्यक्षात जवळपास तेवढीच लागली. ओढ्यातल्या ६०० मीटर अंतराला आणि ६० मीटर चढाला मात्र हिशेबाने १३ मिनिटे येत असताना पाऊण तास गेला. म्हणजे गोट्याधोंड्यांच्या पात्रात हा ठोकताळा तिपटीहून अधिक तोकडा पडतो. नाइस्मिथ यांचा त्यात दोष नाही. तो हिशेब बऱ्या वाटेचा आणि धडधाकट चालणाऱ्याचा आहे. माझ्या वहीत आता पायवाट आणि पात्र यांचे वेगळे रकाने आहेत.

नकाशा आदल्या रात्री तंबूतच वाचून ठेवला होता. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर ६०० मीटर म्हणजे जेमतेम १.२ सेंटीमीटर. त्यातच समोच्च रेषांमधले अंतर २० मीटरचे असेल, तर बारा-पंधरा मीटरचा धबधबा दोन रेषांच्या मध्ये बेमालूम लपून जातो. म्हणून ‘इथे कडा आहे’ असे नकाशाने सांगावे ही अपेक्षा मी सोडली आहे. ओढा ओलांडताना रेषांची टोके प्रवाहाच्या उगमाकडे वळतात. ती टोके जिथे एकमेकींना बिलगू लागतात, तेवढा टप्पा संशयित म्हणून खुणावून ठेवतो.

अरुंद घळीत जीपीएसवर फार विसंबता येत नाही, कारण वर आकाशाची चिंचोळी पट्टी उरते आणि उपग्रहांचे संदेश कड्यांवर आपटून येतात. एका वळणावर यंत्राने मला चक्क कड्याच्या पोटात उभे केले. तिथे हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक अधिक कामाचा ठरला. ओढा वर वर चढतच जातो, त्यामुळे उंची कळली की पात्रातली जागाही बऱ्यापैकी कळते. मात्र हवामान पालटले की दाब बदलतो, म्हणून पायवाट सोडून पात्रात उतरतानाच उंचीमापक नकाशाशी जुळवून घ्यावा.

आवाजाचा अनुभव या खेपेस सर्वांत रंजक होता. पाण्याचा आवाज मोठ्या प्रमाणावर त्यात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे येतो. बुडबुड्याचा आकार आणि स्वर यांचे गणित मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ मध्ये मांडले. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपास वाजतो, मोठे बुडबुडे खालच्या पट्टीत. उंच स्वर पानांत आणि वळणांत लवकर विरतात, घुमारा तेवढा लांबवर पोहोचतो. तळाजवळ ऐकू येणारी घनगंभीर गाज शेवटच्या वळणाआधी, म्हणजे अंतर कमी होत असताना, एकदम मंदावली. वळण ओलांडताच तिच्यावर सळसळता, फसफसता आवाज चढला. हा वरचा सूर ऐकू आला की धबधबा जवळ, असे मी आता धरतो. नुसत्या घुमाऱ्यावरून अंतराचा अंदाज बांधत नाही.

डोळ्यांसाठीची खूण धोंड्यांमध्ये होती. खाली पात्रात गोलसर, घासलेले गोटे होते. वर जाताना त्यांच्या कडा धारदार होत गेल्या आणि डोहापाशी तर ताज्या तुटीचे, फिकट रंगाचे ठोकळे पडले होते. वरचा थर कठीण आणि खालचा मऊ असला की पाणी खालचा थर पोखरते, आधार सुटलेला वरचा थर तुटून पडतो आणि धबधबा उगमाकडे सरकत जातो. असे ताजे ठोकळे दिसले की पुढे आलेल्या कड्याखाली बसू नये, मग सावली कितीही मोहाची असो.

पात्र ओलांडताना सॅकचा कमरपट्टा सोडला होता. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे गुडघ्याच्या वर वेगाचे पाणी असेल तर मी ओलांडत नाही. डोहाच्या काठाला पाण्याच्या रेषेवर एक चपटा दगड टेकवून ठेवला आणि थांबलो तेवढा वेळ मधूनमधून तो पाहत राहिलो. वरच्या खोऱ्यातला पाऊस घळीतून दिसत नाही; पण दगड बुडाला, पाणी गढूळले किंवा पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर सामानाची आवराआवर न करता काठ चढायचा. या वेळी दगड कोरडाच राहिला.

उतरताना पात्राला चढण्यापेक्षा पाच मिनिटे अधिक लागली, कारण ओल्या शेवाळावर उताराला पाऊल रोवायला वेळ जातो. पुढच्या चालीला पात्रासाठी चढताना साडेतीनपट आणि उतरताना चौपट वेळ धरणार आहे. पाणी कमी असताना हाच ओढा पुन्हा चढून हे आकडे पडताळायचे आहेत.