रजेचे कारण : लेखन

अर्जित रजेच्या, म्हणजे नोकरीत साठत जाणाऱ्या पगारी रजेच्या, अर्जात ‘रजेचे कारण’ असा एक रकाना असतो. त्या रकान्यात ‘लेखन’ हा एकच शब्द लिहिल्यामुळे माझे 18 दिवस कसे गेले, ते सांगण्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या कोणाला याचा उपयोग झाला तर बरेच आहे. नाही झाला तरी माझा राग थोडा उतरेल.

मी कोल्हापुरातल्या एका शासकीय कार्यालयात लेखा शाखेत काम करते. माझा शेवटचा कथासंग्रह येऊन 11 वर्षे झाली, आणि त्यानंतर दिवाळी अंकांतल्या तुरळक कथांपलीकडे माझ्या हातून काही झाले नाही. मार्चअखेरच्या हिशेबांची धावपळ संपल्यावर माळ्यावरून बिस्किटांचा एक जुना डबा काढला. त्यात वाचकांची 41 पत्रे निघाली आणि त्यांपैकी बहुतेकांना मी उत्तरच दिलेले नव्हते. गडहिंग्लजच्या एका बाईंनी ‘उत्तराची वाट पाहते’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्या दोन रेघांनी मला फार शरम वाटली. पोस्टकार्ड अजून 50 पैशांनाच मिळते. मी 41 कार्डे आणली आणि रोज रात्री जेवणानंतर तीन-चार लिहून सगळी संपवली. प्रत्येक कार्डावर उशिराबद्दल क्षमा मागितली, माझा फोन नंबर दिला आणि एकच प्रश्न विचारला : माझे काही आठवते का, आणि काय आठवते? (जुन्या पत्रांवरचे पिन कोड पुसट झालेले असतात, ते आधी ताडून घ्यावेत, नाहीतर कार्ड भलतीकडेच फिरत राहते.) मे संपेपर्यंत 17 जणांचे उत्तर किंवा फोन आला. त्यांतल्या अकरा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारली होती : सध्या काय लिहिता?

या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे तर सलग वेळ हवा होता. दिवाळी अंकाची कथा ऑगस्टपर्यंत संपादकांच्या हाती पडावी लागते, म्हणून जून महिना धरून मी 19 दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज केला. माझ्या खात्यावर दोनशेहून अधिक दिवस शिल्लक होते. रजेच्या काळातला पत्ता पन्हाळ्याचा दिला, कारण तिथे एका ओळखीच्या कुटुंबाची माडी रिकामी होती. पन्हाळा कोल्हापूरपासून जेमतेम 20 किलोमीटरवर असला, तरी मुख्यालय, म्हणजे नोकरीचे गाव, सोडण्याची परवानगी त्याच अर्जात मागावी लागते. ती मी मागितली होती, हे मुद्दाम नमूद करते.

चौथ्या दिवशी अर्ज परत आला. आस्थापना शाखेतल्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजा वगैरे पाहणाऱ्या शाखेतल्या, वरिष्ठ लिपिकांनी पेन्सिलीने शेरा मारला होता : ‘कारण स्पष्ट करावे.’ मी जाऊन विचारले, तेव्हा ते अगदी आपुलकीने म्हणाले, “मॅडम, घरगुती कारण लिहा की. समदे तसंच लिहितात. आज टिपणी ठेवतो, उद्या सही.”

इथेच मी हट्टाला पेटले. शहाणपण याच ठिकाणी संपले असे माझ्या बहिणीचे मत आहे, आणि ते खोडून काढता येत नाही. पण घरगुती कारण मी आजवर लग्नासाठी, बाराव्यासाठी, मुलाच्या दहावीसाठी आणि एकदा गळक्या छपरासाठी लिहिले होते. यावेळी कारण घरगुती नव्हते. मी खुलाशात लिहिले : ‘कथालेखनासाठी.’

त्या खुलाशाने प्रकरण सुटण्याऐवजी वाढले. दुसरी त्रुटी अशी निघाली की लेखन हा खाजगी व्यवसाय ठरू शकतो, सबब पूर्वपरवानगीच्या आदेशाची प्रत जोडावी. मी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 काढून वाचले. निव्वळ साहित्यिक स्वरूपाच्या लेखनाला पूर्वपरवानगी लागत नाही. त्या पानाची झेरॉक्स काढून, संबंधित ओळ रंगवून, अर्जाला जोडली. लिपिकांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, “नियम बरोबर हाय मॅडम. पण साहेबांनी विचारलं तर?” साहेबांनी विचारले तर हेच पान दाखवा, असे मी सांगितले. त्यावर ते काही बोलले नाहीत; अर्ज मात्र ढिगाच्या तळाशी गेला. पुढे ते चार दिवस प्रशिक्षणाला गेले, आणि त्यांच्या कार्यासनाचा कार्यभार ज्यांच्याकडे होता त्यांनी ‘हे प्रकरण त्यांचंच आहे’ म्हणून फाईल उघडलीच नाही. मी रोज दुपारच्या सुट्टीत जाऊन त्या ढिगाकडे पाहून येत असे. लेखकाला पात्राचे निरीक्षण करायला मिळते वगैरे मी स्वतःला समजावत होते, पण खरे सांगायचे तर तेव्हा मला कोणाचेही निरीक्षण करायचे नव्हते. मला रजा हवी होती.

रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हेही रजा नियमांत लिहिलेले आहे, त्यामुळे आवाज चढवून भांडण्याला वाव नव्हता. अखेर अठराव्या दिवशी मी स्वतः फाईल घेऊन साहेबांच्या दालनात गेले. त्यांनी कारणाचा रकाना वाचला की नाही, कोणास ठाऊक. “कामाची पर्यायी व्यवस्था केलीय ना?” एवढेच विचारून त्यांनी सही केली. अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही.

दरम्यान मी मागितलेला पहिला आठवडा उलटून गेला होता, म्हणून मंजूर झाले ते 12 दिवस. आता एक उपयोगाची गोष्ट. रजा सोमवारी सुरू करून पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी संपवावी, आणि मागचे-पुढचे शनिवार-रविवार जोडून घेण्याची परवानगी अर्जातच मागावी. मधला शनिवार-रविवार रजेत मोजला जातो, पण दोन्ही टोकांचे चार दिवस पदरात पडतात. माझे 12 दिवसांचे 16 झाले ते असे.

पन्हाळ्यावर धुके आणि पाऊस होता आणि मी लिहीत होते; यापलीकडे त्या दिवसांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. मोरोपंतांचा जन्म 1729 साली पन्हाळ्याचाच, पण त्यांची काव्यरचना फुलली ती बारामतीला, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने. मला आश्रय होता तो अर्जित रजेचा, असे मनाशी म्हणून मी एकदा एकटीच हसले.

शेवटच्या रविवारी, म्हणजे जोडून घेतलेल्या सुट्टीच्या दिवशी, मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी नऊ वाचक जमले. दोन रेघांच्या बाई आल्या होत्या, आणि येताना भडंगाची मोठी पिशवी घेऊन आल्या होत्या. मी अर्धवट कथा वाचून दाखवली. एसटीतून निवृत्त झालेल्या एका वाहकांनी मध्येच थांबवले. माझी नायिका तिकिटाचे सुटे पैसे मोजून घेते आणि वाहक शांतपणे उभा राहतो, हे त्यांना पटले नाही. “पहाटेच्या पहिल्या फेरीला आमच्याकडेच सुटं नसायचं. तिकिटामागं बाकी लिहून द्यायचो,” असे ते म्हणाले. मी ते तिथल्या तिथे टिपून घेतले, आणि तिकिटामागच्या त्या बाकीमुळे कथेचा शेवट बदलला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कथा संपादकांकडे गेली. तिची शेवटची तीन पाने कार्यालयात डबा खाता खाता लिहिली आहेत.

एक सांगायचे राहिले. रजेवरून परतल्यावर रुजू अहवाल द्यावा लागतो. तो दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का मारून पोच घ्यावी. मी घेतली नव्हती. माझा अहवाल आस्थापना शाखेत सापडत नाही, असे मला महिन्याच्या 25 तारखेला कळवण्यात आले.