सातने अडवलेली संख्या

बुधवार, रात्री उशिरा

आज एका संख्येने झोप उडवली. ३८१६५४७२९०. म्हणजे ३८१ कोटींच्या थोडी वर. शून्य ते नऊ हे दहाही अंक तिच्यात एकेकदाच येतात. डावीकडून पहिले दोन अंक घ्या, ३८, दोनने भाग जातो. ३८१ ला तीनने, ३८१६ ला चारने, ३८१६५ ला पाचने, असं थेट दहापर्यंत. दहाही अंक एकेकदा वापरून असं जमवणारी संख्या ही एकच.

ती एकच का, हे कागदावर स्वतः पाहायचं ठरवलं. सुरुवात सोपी होती. शून्य शेवटी, पाच पाचव्या जागी. सम स्थानांवर सम अंकच हवेत, त्यामुळे विषम अंकांना विषम जागा. चारची कसोटी लावली की चौथा अंक २ किंवा ६, आठची लावली की आठवाही २ किंवा ६. चौथा, पाचवा, सहावा या मधल्या तीन अंकांच्या बेरजेला तीनने भाग जायला हवा, म्हणून तिथे २५८ नाहीतर ६५४. इथवर आलं की छत्तीस लाखांवर मांडण्यांतून फक्त दहा उरतात! मला तरी हा भाग सगळ्यात सुंदर वाटला.

आता राहिला सात. याची कसोटी कधी लक्षात राहत नाही, सरळ भागाकार करणंच बरं. पहिले सात अंक घेऊन दहाही उमेदवारांना सातने भागलं. एकही टिकेना. दहाच्या दहा बाद! तासभर वरची सगळी मांडणी पुन्हा तपासली, तर्कात कुठेच खोट नाही. आणि मग दिसलं. ३८१६५४७ ला भागताना ३१ मधून २८ वजा करून मी २ लिहिले होते. या वयात! ते ३ केले आणि भागाकार ५४५२२१ वर निःशेष सुटला. बाकीच्या नवांची बाकी खरोखरच उरते.

तेवढ्यावर उठायला हवं होतं. पण अंक पुन्हा वापरायची मुभा दिली तर ही पुढे किती वाढेल, असा किडा डोक्यात शिरला. अकरासाठी पुढे ६ लागतो, बारासाठी ०, तेरासाठी ८. दर वेळी एकच अंक चालतो, त्यामुळे निवडायचा प्रश्नच नाही. झाली ३८१६५४७२९०६०८.

चौदाव्या जागी गाडी अडली. दोनला तिथे सम अंक हवा आणि सातला नेमका ५.

पुन्हा सातच. दिवा मालवला.