नवा काळा रंग

"तळाला आत्ताच काळा रंग दिलाय, काळजी नको," बोट विकणारा म्हणाला. इंग्लंडमधल्या ग्रँड युनियन कालव्यावर ती नॅरोबोट (कालव्यातली अरुंद, लांबट पोलादी बोट) दिसत होतीही देखणी. ती घ्यायला निघालेला माझा मित्र तर आत पडदे कुठले लावायचे ते ठरवू लागला.

मला ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं. रंगावरून पत्र्याची जाडी कशी कळणार? नव्या बोटीचा तळ बहुधा 10 मिलिमीटरचा, बाजू 6 च्या. गंजून 4 च्या खाली गेलं की विमावाले का-कू करतात. बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरकडून, म्हणजे बोटी तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, जाडी मोजून घ्यायलाच हवी.

आणि बोटीला मिळतं ते 4 वर्षांचं सेफ्टी सर्टिफिकेट? ते गॅस, इंधन, वायरिंगचं. गंजाचं त्यात काही नसतं!

मित्राला सांगितलंय, 'सर्व्हे पटला तरच सौदा' असं लिहून घे, मगच इसार दे.

कुणी घेतलीय का अशी बोट? सर्व्हेअर कसा निवडलात?